सोळा आण्यांचा हिशेब : खेळाचा संगणक जुळवताना

मंडळी, घरी बैल आणायचा झाला तर आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि मगच सौदा करतो. विहिरीवर पंप बसवायचा झाला तर पाणी किती खोल आहे, पाईप किती लांब न्यायचा आहे, हे आधी मोजतो. पण मुलासाठी संगणक घ्यायची वेळ आली की हीच जाणती माणसे दुकानात जाऊन एवढेच सांगतात, "चांगला द्या." आता चांगला म्हणजे काय, हे मग दुकानदार आपल्या सोयीने ठरवतो. पन्नास-साठ हजार रुपये खर्च होतात आणि आठ दिवसांनी मुलगा तोंड पाडून सांगतो की यावर खेळ अडखळतो.

ही रक्कम काही लहान नाही. कुणाच्या घरी ती सोयाबीनच्या पट्टीतून आलेली असते, कुणाच्या घरी उसाच्या बिलातून. कुणी शिक्षक ती पगारातून वर्षभर थोडी थोडी बाजूला काढत असतो. म्हणून खेळासाठी लागणारा संगणक, सुटे भाग निवडून, बेताच्या पैशांत कसा जुळवून घ्यावा, हे आज आपण पाहणार आहोत. बाजारात याला असेंबल केलेला संगणक म्हणतात. यात फारसे अवघड असे काही नाही. मुख्य भाग सातच आहेत: ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि हे सगळे ज्यात बसते ते कॅबिनेट. या सातांची एकमेकांशी जोडी जमली की काम झाले.

पण भागांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट घरातच ठरवायला हवी. ती म्हणजे, संगणक कशासाठी हवा ते खरे सांगायचे. पुष्कळ घरांत घोटाळा येथेच होतो. मुलाला संगणक हवा असतो खेळासाठी, आणि वडिलांना तो सांगतो, "अभ्यासासाठी." वडील दुकानात जाऊन तेच सांगतात. दुकानदार अभ्यासापुरता संगणक देतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. अशा संगणकावर टंकलेखन होते, निकालपत्रक होते, धडे पाहता येतात. पण त्यात ग्राफिक्स कार्ड नसते, एसएमपीएस लहान असतो, आणि पुष्कळदा कॅबिनेटही अरुंद असते. पुढे तोच संगणक खेळासाठी वाढवायला जावे तर निम्मे भाग बदलावे लागतात. एकाच कामाला दोनदा पैसे जातात. खेळ खेळणे हा काही गुन्हा नव्हे. मुलाने खरे सांगावे, वडिलांनी ते शांतपणे ऐकावे, आणि वेळेची मर्यादा काय घालायची ती घालावी. खेळाचा संगणक अभ्यासाला चालतो. अभ्यासाचा संगणक खेळाला चालेलच असे नाही.

दुसरा प्रश्न, कोणता खेळ? सगळे खेळ सारखे नसतात. २०२० साली आलेला व्हॅलोरंट हा खेळ हलका आहे. प्रोसेसरमध्येच जी चित्र काढण्याची सोय असते तिच्यावरही तो चालतो. २०१५ साली संगणकावर आलेला जीटीए ५ आज मध्यम प्रतीच्या यंत्रावर सुरळीत चालतो. उलट २०२० सालचा सायबरपंक २०७७ हा जड खेळ. चांगले ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो पाऊल उचलत नाही. प्रत्येक खेळाचे निर्माते दोन याद्या जाहीर करतात. एक असते किमान लागणाऱ्या यंत्राची आणि दुसरी शिफारस केलेल्या यंत्राची. मुलाला जे दोन-तीन खेळ खरोखर खेळायचे आहेत त्यांची दुसरी यादी उतरवून घ्यावी. दुकानात जाताना तो कागद खिशात असला म्हणजे बोलणे वाऱ्यावर होत नाही.

तिसरा प्रश्न पडद्याचा, म्हणजे मॉनिटरचा. येथे थोडे गणित करू. मॉनिटरवरचे चित्र बारीक बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके होतात. ज्याला फोर-के म्हणतात त्या मॉनिटरवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके, बरोबर चौपट. खेळ डोळ्यांना सुरळीत दिसायचा तर अशी चित्रे सेकंदाला साठ तरी यावी लागतात. म्हणजे फुल एचडी मॉनिटरसाठी यंत्राला दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपके रंगवावे लागतात, आणि फोर-केसाठी जवळजवळ पन्नास कोटी! बेताच्या पैशांत संगणक घेणाऱ्याने म्हणून फुल एचडी मॉनिटरच धरावा. मोठा मॉनिटर घेऊन त्याच्यामागे लहान यंत्र जोडले, तर शंभर एकर रानाला एका मोटेने पाणी देण्यासारखे होईल.

आता हे चित्र तयार कसे होते ते समजून घेऊ, म्हणजे कुठल्या भागाला किती पैसे द्यायचे ते आपोआप कळेल. खेळात मुलाने कळ दाबली की प्रथम प्रोसेसर हिशेब करतो. खेळाडू कुठे गेला, गाडी किती वेगाने वळली, समोरचा गडी काय करणार, हे सारे तो ठरवतो. मग तो ग्राफिक्स कार्डाला सांगतो, "अमुक देखावा काढ." कार्ड ते लाखो ठिपके रंगवते आणि चित्र मॉनिटरवर येते. सेकंदाला साठ चित्रे हवीत, तर एका चित्राला सेकंदाचा साठावा भागच मिळतो. तेवढ्यात दोघांचीही कामे उरकली पाहिजेत. प्रोसेसर चपळ आणि कार्ड दुबळे असेल तर प्रोसेसर रिकामा बसून राहतो. कार्ड जबरदस्त आणि प्रोसेसर मंद असेल तर कार्डाला हुकमाची वाट पाहत बसावे लागते. औताला एक बैल तगडा आणि एक मरतुकडा जुंपला तर औत मरतुकड्याच्याच चालीने चालते. तगड्या बैलाला दिलेले जादा पैसे फुकट जातात. सगळ्या खरेदीचे मर्म एवढेच आहे, की कोणताही एक भाग भारी घेण्यापेक्षा सातही भाग एकमेकांना साजेसे घ्यावेत.

यासाठी आपल्या जुन्या आण्यांचा हिशेब सोयीचा पडतो. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे व्यवहारातून गेले, पण रुपयाचे सोळा आणे हे अजून आपल्या बोलण्यात आहे. मॉनिटर, कळफलक आणि माऊस यांचे पैसे आधी वेगळे काढा. उरलेल्या रकमेचा एक रुपया समजा. त्यातले सहा आणे ग्राफिक्स कार्डाला द्या. अडीच आणे प्रोसेसरला, दोन आणे मदरबोर्डाला, दोन आणे रॅमला, दीड आणा एसएसडीला, सव्वा आणा एसएमपीएसला आणि पाऊण आणा कॅबिनेटला. बेरीज करून पाहा, सोळा आणे पुरे होतात. उदाहरणादाखल चौसष्ट हजार रुपये धरले तर एक आणा चार हजारांचा झाला. म्हणजे कार्डाला चोवीस हजार, प्रोसेसरला दहा हजार, मदरबोर्डाला आठ, रॅमला आठ, एसएसडीला सहा, एसएमपीएसला पाच आणि कॅबिनेटला तीन हजार.

हा अंदाजाचा ताळा आहे, बाजारभाव नव्हे. बाजारभाव फार लवकर हलतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकी चढले, कारण स्मृतीच्या चकत्या बनवणारे मोजके कारखाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांना माल पुरवण्याकडे वळले. अशा वेळी एखाद्या भागाला अर्धा-पाऊण आणा जादा लागेल. तो दुसरीकडून काढावा, पण एसएमपीएसमधून काढू नये. त्याचे कारण पुढे येईलच. खरेदीच्या आठवड्यातच तीन दुकानांचे भाव विचारून घ्यावेत. गेल्या वर्षीचा भाव मनात धरून जाऊ नये.

आता एकेक भाग घेऊ. पहिला मान ग्राफिक्स कार्डाचा. फुल एचडी मॉनिटरसाठी मध्यम प्रतीची पुष्कळ कार्डे आहेत. २०२१ सालचे आरएक्स ६६०० किंवा २०२३ सालचे आरटीएक्स ४०६० ही त्या प्रतीची उदाहरणे. दोहोंतही आठ जीबी स्मृती आहे. नंतरच्या पिढीतली, २०२४ च्या डिसेंबरात आलेले इंटेलचे आर्क बी५८० किंवा २०२५ सालचे आरएक्स ९०६० एक्सटी, यांचाही भाव विचारावा. नव्या जड खेळांसाठी आठ जीबी हे आता किमान समजावे. बारा किंवा सोळा जीबी त्याच पैशांत मिळत असेल तर बरेच.

पण येथे एक फसगत सांभाळा. दुकानदार म्हणतो, "साहेब, यात चार जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे!" स्मृती किती, यावरून कार्डाची ताकद कळत नाही. २०१४ साली आलेले जीटी ७३० हे कार्डही चार जीबीचे मिळते, पण नव्या खेळापुढे त्याचा टिकाव लागत नाही. कोठी मोठी असली म्हणून धान्य दळणारी गिरणी जोरकस ठरत नाही. म्हणून कार्डाचे पूर्ण नाव विचारा, ते कोणत्या साली आले ते विचारा, आणि आपल्या यादीतला खेळ त्यावर कसा चालतो हे पाहून घ्या.

वापरलेली कार्डे निम्म्या-पाऊण किमतीत मिळतात, ती घ्यावीत का? २०२०-२१ मध्ये इथेरियम नावाचे आभासी चलन मिळवण्यासाठी लोकांनी ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस चालवली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांचे ते काम संपले आणि अशी पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली. ती सगळीच वाईट असतात असे नाही, पण त्यांचे पंखे आणि आतला उष्णता ओढणारा लेप झिजलेला असू शकतो. वापरलेले कार्ड घ्यायचेच असेल तर मूळ बिल पाहा, हमीची मुदत उरली आहे का ते पाहा, आणि जड खेळ अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. चित्रात रेघा आल्या, यंत्र बंद पडले किंवा पंखा खडखडला तर हात जोडून परत यावे.

दुसरा भाग प्रोसेसर. येथेही नावाची भूल पडते. लोकांना वाटते, आय७ म्हणजे थोर आणि आय३ म्हणजे लहान. पण पिढी पाहायला नको का? आय७-२६०० हा प्रोसेसर २०११ साली आला. आय३-१२१०० हा २०२२ साली आला, आणि हा लहान नावाचा त्या मोठ्या नावाच्याला सहज मागे टाकतो. जुन्या बाजारात "आय७ संगणक, फक्त इतक्या रुपयांत" अशी पाटी दिसली तर पुढचा आकडा वाचा. बेताच्या खर्चात आय३-१२१००एफ किंवा सहा गाभ्यांचा रायझन ५ ५६०० हे खेळाला पुरेसे पडतात. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर असले तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र काढण्याची सोय नसते. ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटर कोराच राहतो. रायझन ५ ५६०० चेही तसेच आहे. उलट रायझन ५ ५६००जी या २०२१ सालच्या प्रोसेसरमध्ये ती सोय बऱ्यापैकी आहे. ज्यांच्याजवळ आज कार्डापुरते पैसे नाहीत त्यांनी असा प्रोसेसर घेऊन हलके खेळ खेळावेत आणि कार्ड पुढच्या हंगामात घ्यावे. पाया नीट घातला असेल तर वर मजला नंतर चढवता येतो.

मदरबोर्ड म्हणजे ज्यावर सगळे भाग बसतात तो पाट. यात ताकदीपेक्षा जुळणी महत्त्वाची. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएम४ सॉकेटवर एएम५ चा प्रोसेसर बसत नाही, आणि इंटेलचा तर नाहीच नाही. रॅमचेही तसेच. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा निराळ्या असतात. एएम४ वर डीडीआर४ लागते, एएम५ वर डीडीआर५ च लागते, आणि इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे मदरबोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, पण एका बोर्डावर बहुधा एकच प्रकार चालतो. मग एएम४ घ्यावा की एएम५? आज पैसे कमी लागावेत हा हेतू असेल तर एएम४ ठीक. चार वर्षांनी प्रोसेसर तेवढा बदलून यंत्र ताजे करायचे असेल तर एएम५ ला थोडे जास्त देणे शहाणपणाचे, कारण त्या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही पाठबळ देऊ असे एएमडीने जाहीर केले आहे. जुना शिल्लक बोर्ड घेतला तर आणखी एक विचारा: "या बोर्डाचे बायोस या प्रोसेसरला ओळखते ना?" ओळखत नसेल तर ते दुकानातच अद्ययावत करून घ्यावे.

रॅम सोळा जीबी असावी, आणि ती सोळाच्या एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते. साठवणीसाठी एसएसडीच हवी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुष्कळ जागा स्वस्तात मिळते खरी, पण नवे खेळ तिच्यावर रेंगाळतात. सायबरपंक २०७७ च्या निर्मात्यांनी तर २०२३ पासून किमान यादीतच एसएसडी आणि तिच्यावर सत्तर जीबी जागा सांगितली आहे. शंभर जीबीहून मोठे खेळही पुष्कळ आहेत. म्हणून पाचशे जीबीवर भागते, पण एक टीबी परवडली तर पुढची कटकट वाचते.

आता एसएमपीएस. मंडळी, हा भाग कुणाच्या नजरेत भरत नाही आणि म्हणून काटकसरीची पहिली कात्री यालाच लागते. पण घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन ती बारा, पाच आणि साडेतीनच्या आतल्या व्होल्टांत उतरवून प्रत्येक भागाला पोचवण्याचे काम हाच करतो. हा हलका निघाला आणि बिघडला तर स्वतः जातोच, आणि जाताना सोबत कार्ड आणि मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो. हजार रुपये वाचवायला जावे आणि पन्नास हजारांचा माल गमवावा, असा हा व्यवहार आहे. कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळणारा एसएमपीएस खेळाच्या संगणकाला लावू नये.

किती वॅटचा घ्यावा? हिशेब सोपा आहे. आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅट घेते. मध्यम प्रोसेसर ऐंशी-नव्वद वॅट, आणि बाकीच्या सगळ्यांना साठ वॅट धरले तर बेरीज २८० च्या आसपास जाते. साडेचारशे ते साडेपाचशे वॅटचा चांगला एसएमपीएस त्याला पुरेसा आहे. त्यावर '८० प्लस' असा शिक्का पाहावा. या शिक्क्याचा अर्थ असा, की घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के वीज कामी लागते. शिक्का विजेच्या बचतीचा आहे, टिकाऊपणाचा नव्हे. म्हणून शिक्क्याबरोबर तीन किंवा पाच वर्षांची हमीही पाहावी.

आपल्या खेड्यांसाठी आणखी एक खूण सांगतो. रात्री शेतीचे पंप सुरू झाले की पुष्कळ गावांत व्होल्टेज खाली येते. एसएमपीएसच्या डब्यावर '१००–२४० व्होल्ट' असे छापले असेल तर तो हा उतार सोसतो. '२००–२४०' असे असेल तर त्याला तेवढी मोकळीक नसते. भारनियमन असेल तर यूपीएस लागेल. सहाशे व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो, म्हणजे खेळाच्या ऐन भरात तो काठावर येतो. हजार व्हीएच्या आसपासचा घ्यावा. तो खेळ चालू ठेवण्यासाठी नसून यंत्र नीट बंद करायला पाच मिनिटे मिळावीत यासाठी असतो, हे ध्यानात ठेवा. काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीच्या विजेवर बंद पडतात, तेव्हा दोन्ही जोडून दुकानातच वीज घालवून पाहा. आणि अर्थिंग! घराला अर्थिंग नसेल तर यंत्र आणण्यापूर्वी वायरमनला बोलवा. कॅबिनेटला हात लागून झिणझिण्या येत असतील तर ती चेष्टेची गोष्ट नव्हे.

कॅबिनेट साधे, पण हवेशीर असावे. पुढे जाळी, एक पंखा हवा आत घेणारा आणि एक मागे बाहेर टाकणारा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पुढून काचेने बंद केलेल्या पेटीत त्या दिवसांत कार्ड तापते आणि तापले की आपला वेग आपणच कमी करते. आपल्याकडे धूळही फार, म्हणून जाळीला निघणारी गाळणी असावी आणि ती महिन्याला झाडावी. रंगीबेरंगी दिवे, पाण्यावर चालणारे थंडावा-यंत्र, चमकदार काचा यांनी खेळ एका चित्रानेही वेगवान होत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असे करू नये. वर सांगितलेल्या प्रोसेसरांच्या खोक्यात पंखा येतो, तो पुरेसा आहे. काटकसरीची कात्री चालवायची ती येथे चालवावी.

ज्यांचे बजेट याच्या निम्मेही नाही त्यांनी निराश होऊ नये. मोठ्या कचेऱ्यांतून निघालेले संगणक जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची असेल तर त्यावर विंडोज ११ ही चालते. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून ही पिढी पाहणे आवश्यक आहे. अशा संगणकाचा एसएमपीएस लहान असतो. पण मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला पंचाहत्तर वॅटपर्यंत वीज मिळते आणि तेवढ्यावर चालणारी कार्डे आहेत. २०१९ सालच्या जीटीएक्स १६५० च्या काही बनावटी तशा आहेत. कॅबिनेट बारीक असेल तर कमी उंचीचे कार्ड शोधावे लागते, म्हणून आधी आतली जागा पट्टीने मोजावी.

खरेदी कुठे करावी? मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, या मालासाठी प्रसिद्ध आहे. जिल्ह्याच्या गावीही आता बरी दुकाने झाली आहेत. दोन-चार टक्के स्वस्त मिळते म्हणून दूर जाताना एवढा विचार करावा, की भाग बिघडला तर तो घेऊन पुन्हा तेथेच जावे लागेल. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचे नाव व अनुक्रमांक लिहून घ्यावा. "बिल नको असेल तर कमी करतो" या बोलण्याला भुलू नये. बिल गेले की हमी मागायला आधार राहत नाही. खोकी वर्षभर जपावीत. विंडोजच्या परवान्याचे पैसे या सोळा आण्यांत धरलेले नाहीत, ते वेगळे विचारावेत. लिनक्स ही फुकट प्रणालीही आहे आणि तिच्यावर आता पुष्कळ खेळ चालतात, पण व्हॅलोरंटसारखे काही खेळ चालत नाहीत. म्हणून येथेही खेळांची यादी आधी पाहावी.

यंत्र घरी आल्यावर तीन गोष्टी तपासा, त्यांना एक पैसा लागत नाही. मॉनिटरची तार मदरबोर्डात न लावता ग्राफिक्स कार्डात लावा. नाहीतर कार्ड असून नसल्यासारखे होते. बायोसमध्ये जाऊन रॅमचा छापील वेग चालू करा. इंटेलकडे त्या सोयीला एक्सएमपी आणि एएमडीकडे डीडीआर५ साठी एक्स्पो म्हणतात. ती चालू केली नाही तर रॅम कमी वेगाने चालते. आणि मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असेल तर विंडोजमध्ये तो आकडा स्वतः निवडा, कारण पुष्कळदा तो साठवरच राहिलेला असतो. घेतलेली ताकद अशी नुसत्या तारेपायी आणि एका खुणेपायी वाया जाऊ देऊ नये.

विजेच्या बिलाची धास्ती वाटत असेल तर तोही हिशेब करा. खेळताना यंत्र तीनशे वॅट घेते असे धरले आणि रोज तीन तास खेळ झाला, तर दिवसाला ०.९ युनिट आणि महिन्याला २७ युनिटे होतात. आपल्या दराने गुणा म्हणजे रुपये कळतील. मुलालाच गुणायला सांगितले तर अधिक चांगले.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. गावात असा संगणक घ्यायचा झाला की पालक सल्ल्याला तुमच्याकडेच येतात. त्यांना एखाद्या कंपनीचे नाव सांगण्यापेक्षा हिशेब शिकवावा. सातवी-आठवीच्या वर्गात हा विषय गणित म्हणूनही घेता येईल. ठिपक्यांचा गुणाकार, वॅटची बेरीज, सोळा आण्यांची वाटणी, युनिटांचा हिशेब, ही सगळी उदाहरणे मुले आवडीने सोडवतील, कारण उत्तर त्यांच्या जिव्हाळ्याचे आहे. आणि ज्या मुलाने स्वतः भाग निवडले, त्यांची नावे व कारणे वडिलांना समजावून सांगितली, तो ते यंत्रही जपून वापरतो, असा भरवसा धरायला हरकत नाही.

तेव्हा मंडळी, दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या. वर खेळांची नावे आणि मॉनिटरचा आकार लिहा. खाली सात भागांच्या सात ओळी आखा आणि प्रत्येकीपुढे तिचे आणे मांडा. मग दुकानदार म्हणाला, "हे भारीतले घ्या," तर त्याला एवढेच विचारा, "हे जादा पैसे कोणत्या ओळीतून काढू?" या प्रश्नाला पटणारे उत्तर मिळाले तर अवश्य घ्या. नाही मिळाले तर कागदावर लिहिले आहे तेच घेऊन घरी या.